पेरभात पहिल्यांदा करताय? आधी माती, मग अंतर

भाताचं खाचर डोळ्यांसमोर आणा. घोटाभर पाणी आणि त्यात उभी रोपं. ते पाणी भाताची तहान भागवायला असतं, असं आपण धरून चालतो. पण त्याची आणखी तीन कामं असतात आणि ती आपल्या नजरेला येत नाहीत. आम्ल जमीन पाण्याखाली गेली की काही आठवड्यांत तिचा सामू (आम्लता दाखवणारा आकडा, pH) आपोआप वर चढतो आणि ६.५ ते ७ च्या आसपास येऊन थांबतो. लोहाशी जखडून बसलेलं स्फुरद (फॉस्फरस) सुटतं आणि लोहही मुळांना घेता येईल अशा रूपात येतं. तिसरं काम तणाचं. बहुतेक तणांचं बी पाण्याखाली उगवतच नाही.

पेरभातात, म्हणजे चिखलणी न करता आणि पाणी न साठवता उंचावरच्या निचऱ्याच्या जमिनीत घेतलेल्या भातात, हे पाणीच नसतं. मग ही तिन्ही कामं आपल्या अंगावर येतात. पहिली दोन माती सुधारून करायची, तिसरं रोपांमधलं अंतर नीट ठेवून. खाचरातली खतमात्रा आणि लावणीचं अंतर जसंच्या तसं माळावर नेणारे बहुतेक नवखे इथेच फसतात. पीक तेच असलं तरी जमिनीचं रसायन पूर्ण वेगळं असतं.

खालची सगळी मापं एका गुंठ्यासाठी, म्हणजे साधारण १०० चौरस मीटरसाठी दिली आहेत. हेक्टरी एक टन म्हणजे गुंठ्याला १० किलो, एवढं लक्षात ठेवलं की कोणत्याही क्षेत्राचा हिशेब जमतो. पहिल्या वर्षी एका गुंठ्यावरच हात बसवा, असं माझं मत आहे.

१. जमीन वाचा

पेरणीच्या दोन-तीन महिने आधी मातीचा नमुना घ्या. शेतात नागमोडी चालत १५ ते २० ठिकाणची वरची १५ सेंटिमीटर माती काढायची, ती एकत्र मिसळायची आणि त्यातली अर्धा किलो सावलीत सुकवून तपासणीला द्यायची. बांधाच्या कडेची, झाडाखालची किंवा उकिरड्याच्या जागेची माती घेऊ नका. सामू, सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश आणि जस्त एवढं तपासून घ्या. सामू ५.५ च्या खाली आला तर विनिमयक्षम अॅल्युमिनियमही, म्हणजे मातीच्या कणांवरून सुटून मुळांना भिडू शकणारं अॅल्युमिनियम, मोजून मागा. चुन्याचा सगळा हिशेब त्या आकड्यावर ठरतो.

अहवाल येईपर्यंत कुदळ घेऊन शेतात जा. उभं तण मुळासकट अलगद उकरा. मुळं आखूड, जाड, तपकिरी आणि टोकाला बोथट असतील तर अॅल्युमिनियमचा संशय घ्या, कारण ते आधी मुळाचं टोकच मारतं. मुळं ठरावीक खोलीवर जाऊन आडवी वळली असतील तर खाली कडक थर आहे. तो खोल नांगरून किंवा कुदळीने फोडावा लागेल, तिथे चुन्याचा उपयोग नाही. दोन्ही रोगांत भात सारखाच सुकतो, म्हणून उकरून बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

मग ३० सेंटिमीटर खोल खड्डा करून पाण्याने भरा आणि ते मुरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदाचं पाणी काही मिनिटांत गायब झालं तर जमीन फार हलकी आहे आणि तिथे तुमचा मुख्य खर्च शेणखतावर होईल. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पाणी तसंच उभं राहिलं तर त्या तुकड्याला बांध घालून नेहमीचा भात करणंच शहाणपणाचं.

२. चुना: किती, कधी, आणि कुठे थांबायचं

तृणधान्यांमध्ये भात आम्लता बऱ्यापैकी सोसतो. ब्राझीलच्या सेराडो पठारावर नवी मोडलेली आम्ल जमीन लागवडीखाली आणताना पहिलं पीक म्हणून कोरडवाहू भातच घेतला जाई, तो याच गुणामुळे. म्हणजे चुन्याची गरज मका किंवा कडधान्याच्या मानाने कमी. पण कमी म्हणजे शून्य असं समजू नका.

सामू ५.५ च्या वर गेला की विरघळलेलं अॅल्युमिनियम बहुतेक साक्याच्या रूपात बसून जातं आणि मुळांना त्रास देत नाही. आपल्याला तिथपर्यंतच जायचं आहे. सामू ७ वर नेण्याच्या नादात टाकलेला जादा चुना पेरभाताला नडतो. पाणी न साठलेल्या जमिनीत लोह आणि जस्त आधीच कमी मिळत असतात, त्यात चुना वाढला की ते आणखी जखडले जातात आणि कोवळी पानं पिवळी-पांढरी पडू लागतात. चुना कमी पडला तर पुढच्या वर्षी घालता येतो, जास्त झालेला मात्र मातीतून परत काढता येत नाही.

हिशेब सोपा आहे. अहवालात १०० ग्रॅम मातीमागे १ मिलिइक्विव्हॅलंट अॅल्युमिनियम असेल, तर वरच्या १५ सेंटिमीटर थरासाठी शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट हेक्टरी सुमारे एक टन, म्हणजे गुंठ्याला १० किलो लागतं. आकडा २ आला तर २० किलो. भातासाठी एवढं पुरतं. अॅल्युमिनियमचा आकडा मिळालाच नाही आणि सामू ५ च्या खाली असेल, तर हलक्या जमिनीत ५ ते १० किलो आणि भारी जमिनीत १० ते १५ किलो यावर पहिल्या वर्षी थांबा. सामू ५ ते ५.५ असेल तर शेवटी सांगितलेली चार तुकड्यांची चाचणी करूनच ठरवा. ५.५ च्या वर असेल तर चुन्याचं पोतं उघडूच नका.

कोणता चुना, यालाही महत्त्व आहे. दळलेली चुनखडी हाताळायला सुरक्षित आणि बेतशीर. कळीचा चुना जास्त तीव्र असतो. १०० किलो चुनखडीचं काम ५६ किलो कळीचा चुना किंवा ७४ किलो विरवलेला चुना करतो. चुनखडीची मात्रा वाचून कळीचा चुना तेवढाच टाकला तर जवळजवळ दुप्पट होईल. शिवाय तो कातडी आणि डोळे भाजतो. जमिनीत मॅग्नेशियमही कमी असेल तर डोलोमाइट घ्या. चुनखडी पिठासारखी बारीक हवी, खडे तसेच पडून राहतात.

पेरणीच्या किमान तीन-चार आठवडे आधी चुना पसरा आणि वरच्या १५ सेंटिमीटरात नीट मिसळा. मातीत ओल असल्याशिवाय तो काम सुरू करत नाही. नुसता वर भुरभुरलेला चुना वरच राहतो. चुना आणि शेणखत किंवा युरिया एकाच दिवशी एकत्र टाकू नका. अमोनिया उडून जातो आणि तो तीव्र वास म्हणजे तुमच्या खताचे पैसे असतात. मध्ये दोन आठवडे जाऊ द्या.

लाकडाची राखही सामू वाढवते आणि वर पालाश देते. पण प्रत्येक राखेचा कस वेगळा, त्यामुळे गुंठ्याला पाच किलोच्या पुढे अंदाजाने जाऊ नका. जिप्समविषयी एक गैरसमज आहे. जिप्सममुळे सामू वाढत नाही. ते पाण्याबरोबर खाली उतरून खोल थरातल्या मुळांना कॅल्शियम पोचवतं, म्हणून चुन्याच्या जोडीला उपयोगी, चुन्याच्या बदली नाही.

आणि तुमची जमीन उलट बाजूची, सामू ७.५ च्या वरची चुनखडीयुक्त असेल तर हा सगळा विभाग सोडून द्या. तिथे लोहाचं दुखणं येणार, त्याचा उपाय पुढे आहे.

३. सेंद्रिय भर

गुंठ्याला ५० ते १०० किलो शेणखत. ते पूर्ण कुजलेलं हवं, आणि हा मुद्दा पेरभातात खाचरापेक्षा जास्त गंभीर आहे. खाचरात वाळवी आणि हुमणी बुडून मरतात, माळावर त्या सुखाने नांदतात. अर्धकच्च्या शेणखतातून हुमणीच्या अळ्या थेट मुळांशी जातात. खत हातात घेऊन बघा. गरम लागत असेल, शेणाचा वास येत असेल किंवा गवताच्या काड्या ओळखू येत असतील तर ते अजून तयार नाही.

पेंढा परत जमिनीत जावा, असं सगळे म्हणतात आणि ते खरं आहे. भाताने उचललेल्या पालाशातला बहुतांश भाग दाण्यात न जाता पेंढ्यात राहतो. सिलिकाचंही तेच. पण कोरडा पेंढा पेरणीच्या तोंडावर गाडला तर तो कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःकडे ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. एकतर तो हंगाम संपताच गाडा, नाहीतर शेणात घालून कुजवून आणा. तिसरा मार्ग म्हणजे उगवणीनंतर ओळींमध्ये पातळ आच्छादन म्हणून पसरणं. यात ओल टिकते, पण वाळवी असलेल्या जमिनीत हा प्रयोग नको.

भाताचं तूस मात्र लोक फुकट घालवतात. तूस जाळलं की वजनाच्या साधारण पाचवा भाग राख उरते आणि ती राख बहुतेक सगळी सिलिकाच असते. भात हे सिलिका भरभरून खाणारं पीक आहे. पानाच्या वरच्या थरात सिलिका बसली की पान ताठ राहतं आणि करप्याची बुरशी आत घुसायला अडते. जुन्या, फार धुपलेल्या आणि निचऱ्याच्या जमिनींमध्ये सिलिका कमी असते. शिवाय खाचराच्या तुलनेत पेरभातावर करपा जास्त येतो. म्हणून गुंठ्याला १० ते २० किलो तुसाची राख मला चांगला सौदा वाटतो. एक बारकावा आहे. मंद धगीवर जळलेली काळी-करडी राख घ्या. भट्टीत फार तापून पांढरी-गुलाबी झालेल्या राखेतली सिलिका स्फटिकासारखी घट्ट होते आणि मुळांना लवकर मिळत नाही.

तूस हवा कमी देऊन कोळसा केलं तर ते मातीत वर्षानुवर्षं टिकतं आणि हलक्या जमिनीत ओल धरायला मदत करतं. उत्तर लाओसमधल्या डोंगरउतारावरच्या भातात कोळशाच्या चाचण्या झाल्या. तिथे स्फुरद कमी असलेल्या जागी उत्पादन वाढलं, पण पानातला हिरवेपणा उतरला. कारण ताजा कोळसा नत्र कमी मिळू देतो. त्यामुळे कोळसा शेणखतात मिसळून दोन-तीन आठवडे मुरू द्या, मगच शेतात टाका.

हिरवळीच्या खताबद्दल स्पष्टच बोलतो. ताग किंवा धैंचा पेरून दीड महिन्याने गाडा आणि मग भात पेरा, हा सल्ला ऐकायला छान आहे. पण पावसावरच्या पेरभाताला पहिल्याच पावसाची ओल लागते आणि तागालाही तीच. ताग गाडेपर्यंत भाताचे पहिले सहा आठवडे निघून जातात. त्यापेक्षा आदल्या हंगामात कडधान्य घ्या, नाहीतर बांधावरच्या गिरिपुष्पाचा कोवळा पाला कापून आणून पेरणीआधी पंधरा दिवस मातीत मिसळा.

४. खतं: थोडी, पण योग्य जागी

पाणी नसल्यामुळे सर्वांत जास्त मार बसतो तो स्फुरदाला. आम्ल मातीत लोह आणि अॅल्युमिनियम त्याला पकडून ठेवतात आणि पाणी साठवून सोडवायची सोय आपल्याकडे नाही. म्हणून स्फुरद शेतभर न विखुरता ओळीत, बियाच्या पाच सेंटिमीटर बाजूला आणि थोडं खाली पेरा. सगळ्या शेतात विखुरलेलं खत मातीशी जास्त भिडतं आणि जास्त अडकतं. गुंठ्याला सुमारे दोन किलो सिंगल सुपर फॉस्फेट पुरतं. सामू ५.५ च्या खाली असेल तर रॉक फॉस्फेटही चालतं, कारण ते विरघळायला आम्लताच लागते. पण मग ज्या जागी रॉक फॉस्फेट तिथे त्याच वर्षी चुना नको.

इथे पेरभाताची एक जमेची बाजू. हवा खेळणाऱ्या मातीत भाताच्या मुळांवर मायकोरायझा बुरशी वाढते आणि मूळ पोचत नाही तिथलं स्फुरद ओढून आणते. साठलेल्या पाण्यात ती फारशी टिकत नाही. पेरभात कडधान्यानंतर घेतला की ही बुरशी जमिनीत आधीच हजर असते.

पालाश अर्धा किलो म्युरेट ऑफ पोटॅश, पेरणीवेळीच. पेंढा सगळा परत देत असाल तर निम्मं करा. अहवालात जस्त कमी असेल तर २५० ग्रॅम झिंक सल्फेट कुजलेल्या शेणखतात मिसळून द्या. फॉस्फेटच्या खतात मिसळू नका, दोघं एकमेकांना अडवतात.

नत्र एकूण १.३ किलो युरिया, तीन हप्त्यांत. उंच वाढणारी जुनी जात असेल तर यातही तिसरा भाग कमी करा, नाहीतर पीक लोळेल. पहिला हप्ता पेरणीवेळी, दुसरा २० ते २५ दिवसांनी, तिसरा लोंबी धरायच्या वेळी. निचऱ्याच्या जमिनीत नत्र नायट्रेट होऊन पावसाबरोबर खाली वाहून जातं, म्हणून एकदम देण्यात अर्थ नाही. लोंबी धरायची वेळ कशी ओळखायची? जातीच्या एकूण दिवसांतून ६० वजा करा. ११० दिवसांच्या जातीत ती वेळ पन्नासाव्या दिवसाच्या आसपास येते. खात्री करायची असेल तर जाड फुटवा उभा चिरा. बुडाशी दोन मिलिमीटरचा पांढरा, केसाळ कोंब दिसला की युरिया द्यायला हरकत नाही.

५. बियाणं

१० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवा, त्यात बी सोडा, तरंगणारं काढून टाका. बुडालेलं बी दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवा. कुसळं असलेल्या जातीत चांगलं बीही हवेच्या बुडबुड्यांमुळे तरंगतं, म्हणून हाताने ढवळून मग ठरवा. पेरणीआधी १०० दाण्यांची उगवण चाचणी घ्या. ८० च्या खाली असेल तर बी वाढवा.

जमिनीत वाफसा असताना, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी ओल असताना, ३ सेंटिमीटर खोल पेरा. खोलीचं हे माप कुठेही मोडू नका. वर राहिलं तर पाखरं आणि ऊन घेऊन जातात, पाच सेंटिमीटरच्या खाली गेलं तर अशक्त कोंब बाहेर येतो. पावसाचा भरवसा नसताना भिजवलेलं बी कोरड्या मातीत टाकणं म्हणजे बियाणं वाया घालवणं.

६. अंतर: सगळ्यांत जास्त वाद इथेच

एक चौरस मीटरमध्ये २०० ते २५० लोंब्या मिळाल्या तर पेरभात चांगला आला म्हणायचं. या आकड्यापासून मागे चालत या. पेरभाताच्या बऱ्याच जुन्या जाती फुटवे कमी देतात. त्यांचं बळ खोल, जाड मुळांत आणि लांब लोंबीत असतं. एका रोपाला दोन ते अडीच लोंब्या धरल्या तर चौरस मीटरला साधारण १०० रोपं लागतात. २० बाय २० सेंटिमीटरवर टोकण केली, म्हणजे भोक पाडून बी टाकलं, की चौरस मीटरला २५ चूड (एका भोकातल्या रोपांचे झुपके) बसतात. प्रत्येक चुडात चार रोपं, म्हणजे १०० झाली.

म्हणूनच खाचरातल्या विरळ लावणीचं, एका जागी एकच रोप आणि २५ बाय २५ चं गणित इथे चालत नाही. तिथे एक रोप वीस-तीस फुटवे देतं आणि मोकळी जागा भरून काढतं. माळावर तेवढे फुटवे येत नाहीत, मोकळी जागा तशीच उरते आणि ती तण घेतं.

पण दाट पेरून बघू, हेही उत्तर नाही. पाऊस पंधरा दिवस दडी मारतो तेव्हा दाट पीक मातीतली ओल आधी संपवतं आणि नेमकं पोटरीच्या किंवा फुलोऱ्याच्या वेळी सुकतं. पोचट दाणे तिथूनच येतात. शिवाय दाट पानांत दव सकाळी उशिरापर्यंत राहतं आणि करप्याला तेच हवं असतं.

आता कामाची गोष्ट. रोपाला जागा मिळते ती क्षेत्रफळाने. २० बाय २० म्हणजे ४०० चौरस सेंटिमीटर. २५ बाय १६ म्हणजेही ४००. रोपाला जवळपास सारखंच, पण तुमच्या कोळप्याला, म्हणजे ओळींमधलं तण कापायच्या अवजाराला, दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. २० सेंटिमीटरच्या ओळीत कोळप्याची पास घुसवताना दोन्ही बाजूंची रोपं कापली जातात, २५ च्या ओळीत ती सरळ निघते. म्हणून ओळीतलं अंतर अवजार बघून ठरवा, चुडांमधलं अंतर पीक बघून. नवखा माणूस हे उलट करतो. आधी कुठेतरी वाचलेलं अंतर धरतो आणि मग तणाशी खुरप्याने, बसून, कंबर मोडेपर्यंत झगडतो.

मी पुढीलप्रमाणे सुचवेन. मध्यम जमीन आणि हातकोळपं असेल तर २५ बाय १६. खुरप्यानेच तण काढणार असाल तर २० बाय २०. जमीन सुपीक, ओल धरणारी आणि जात भरपूर फुटवे देणारी असेल तर २५ बाय २० पर्यंत जा. कमी कसाच्या पण पाऊस नियमित असलेल्या जमिनीत २० बाय १५, कारण तिथे लोंब्या फुटव्यांतून कमी आणि बियांतून जास्त मिळवायच्या असतात. हलकी, उथळ, लवकर सुकणारी जमीन असेल तर चूड २० बाय २० वरच ठेवा आणि प्रत्येकात तीनच रोपं राखा.

टोकणीसाठी दोरीला हव्या त्या अंतरावर गाठी मारा किंवा चिंध्या बांधा. दोन खुंट्यांमध्ये दोरी ताणायची, गाठीशी खुंटीने ३ सेंटिमीटरचं भोक पाडायचं, पाच दाणे सोडायचे, पायाने माती सारायची. २५ चुडांत प्रत्येकी पाच दाणे म्हणजे चौरस मीटरला १२५ दाणे. हजार दाण्यांचं वजन २५ ग्रॅम धरलं तर गुंठ्याला ३१० ग्रॅमच्या आसपास. नांगे (न उगवलेल्या रिकाम्या जागा) भरायला आणि पाखरांच्या वाट्याला धरून ४०० ग्रॅम घ्या.

पाभरीने (ओळीत बी पेरायच्या अवजाराने) पेरणार असाल तर ओळी २० ते २५ सेंटिमीटरवर आणि बी गुंठ्याला ६०० ते ८०० ग्रॅम. २० सेंटिमीटरच्या ओळीत ६०० ग्रॅम बी म्हणजे दर मीटरला साधारण ४८ दाणे पडतात. सिमेंटच्या ओट्यावर किंवा ताडपत्रीवर पाभर एकदा चालवून दाणे मोजून बघा, चाड्यावरची (बी सोडायच्या वाटीवरची) मूठ कशी हवी ते कळतं. फेकून पेरू नका. बी दुपटीने लागतं आणि ओळ नसल्यामुळे कोळपं चालत नाही, एवढं एक कारणही पुरे.

उतार असेल तर ओळी उताराला आडव्या. उभ्या ओळीतून पहिला जोराचा पाऊस तुमचा चुना, राख आणि स्फुरद सगळं खालच्या शेजाऱ्याला देऊन येतो.

७. पहिले सहा आठवडे

दहाव्या ते बाराव्या दिवशी नांगे भरा. जिथे पाचही रोपं उगवलीत तिथलं एक ओल असताना अलगद उपटून रिकाम्या जागी लावा. पंधरा दिवसांनंतर भरलेलं रोप मागेच राहतं, तेव्हा उशीर झाला असेल तर सोडून द्या.

पहिली कोळपणी १५ ते २० दिवसांनी, दुसरी ३५ ते ४० दिवसांनी, आणि चुडांमधलं तण दोन्ही वेळा हाताने. पाणी साठवलेलं नसल्यामुळे तण भाताच्या बरोबरीने उगवतं आणि पहिल्या सहा आठवड्यांत मागे पडलेलं पीक पुढे ते भरून काढत नाही. युरियाचा दुसरा हप्ता नेहमी कोळपणीच्या लगेच नंतर, वाफशावर, ओळीच्या बाजूला देऊन मातीआड करा. आधी खत आणि मग कोळपणी असा क्रम लावलात तर तुम्ही तणाला खत घातलंत.

या काळात पानं वाचायला शिका. खालची जुनी पानं एकसारखी पिवळी पडली तर नत्र कमी. रोप खुजं, पानं गडद हिरवी आणि ताठ, फुटवे जेमतेम, असं दिसलं तर स्फुरद. खालच्या पानांवर गंजासारखे तपकिरी डाग म्हणजे जस्त, यालाच खैरा म्हणतात. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम विरवलेला चुना गाळून फवारा. नवी पानंच पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या, पुढे पान पांढरं पडलं, तर लोह. १० लिटरला १०० ग्रॅम फेरस सल्फेट आणि ५० ग्रॅम चुना, आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा. चुनखडीयुक्त जमिनीत फेरस सल्फेट मातीत टाकून फायदा नाही, ते पुन्हा जखडलं जातं. पानावर मधे राखाडी आणि कडेने तपकिरी असे डोळ्याच्या आकाराचे ठिपके असतील तर तो करपा. अशा वेळी पान फिकट दिसलं तरी युरियाचा हप्ता थांबवा.

८. एक गुंठा, चार तुकडे

चुना लागतो की नाही आणि अंतर कोणतं, याचं तुमच्या जमिनीपुरतं खरं उत्तर तुमचीच जमीन देईल. १० बाय १० मीटरच्या गुंठ्याचे ५ बाय ५ चे चार तुकडे करा. दोन तुकड्यांना चुना, दोघांना नाही. चुना दिलेल्यांपैकी एकात २० बाय २०, दुसऱ्यात २५ बाय १६, आणि बिनचुन्याच्या दोघांतही तसंच. शेणखत, बियाणं, युरिया, कोळपणीचा दिवस हे सगळं चारही तुकड्यांत अगदी सारखं. चुन्याचे दोन्ही तुकडे उताराच्या खालच्या बाजूला ठेवा, नाहीतर पाण्याबरोबर चुना शेजारच्या तुकड्यात जाईल.

कापणीवेळी कडेच्या दोन ओळी सोडून द्या. कडेच्या रोपांना ऊन आणि माती जास्त मिळते, त्यामुळे ती नेहमी फसवतात. मधल्या एका चौरस मीटरमधल्या लोंब्या मोजा, दाणे झोडून सुकवा, पोचट वेगळे काढून दोन्हींचं वजन लिहून ठेवा. लोंब्या कमी पण दाणे भरलेले असतील तर पुढच्या वर्षी रोपं वाढवा. लोंब्या भरपूर पण पोचट जास्त असतील तर रोपं कमी करा किंवा तिसरा हप्ता आवरा.

पुढच्या हंगामात त्याच जागी पुन्हा पेरभात नको. लागोपाठ घेतलेला पेरभात उतरत जातो, त्यात सूत्रकृमींचाही (मुळांवर जगणाऱ्या सूक्ष्म कृमींचाही) हात असतो. तिथे मूग, चवळी किंवा भुईमूग घ्या, मात्र चार तुकड्यांच्या खुंट्या उपटू नका. चुन्याचा परिणाम एका हंगामात संपत नाही, आणि आम्लता सोसायला ही पिकं भाताहून नाजूक असतात. भातात तुम्हाला चुन्याचा फरक डोळ्यांना दिसला नसेल, तर चवळीत त्या खुंट्यांच्या रेषेवर तो दिसतो का ते बघा.